वाट मोकळी ठेवणारे हात

इसवी सन १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची जी साथ उद्भवली, तिने त्या सधन आणि सुव्यवस्थित देशाच्या आरोग्य-कारभाराची अशी परीक्षा पाहिली, की अतिदक्षता वैद्यकाचा इतिहास लिहिणारे आजही आपले पहिले प्रकरण कोपनहेगनपासूनच सुरू करतात. संसर्गजन्य रोगांसाठी राखून ठेवलेल्या ब्लेगडॅम रुग्णालयात साथ भरात असताना दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण दाखल होत. जुलैच्या अखेरीपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत एकंदर २,७२२ रुग्ण तेथे आले आणि त्यांपैकी ८६६ जणांचे कोणते ना कोणते स्नायू लुळे पडलेले होते. ज्यांच्या छातीचे स्नायू निकामी झाले, त्यांचा श्वास चालविण्यासाठी रुग्णालयापाशी सरंजाम होता तो इतकाच: मान तेवढी बाहेर ठेवून सबंध शरीर आत घेणारी एक टाकी, जिला लोक लोखंडी फुप्फुस म्हणत, आणि छातीवर बसवायची सहा कवचे. आरंभीच्या आठवड्यांत ३१ रुग्ण या यंत्रांच्या हवाली करण्यात आले. त्यांतले २७ दगावले, आणि तेही बहुतेक तीन दिवसांच्या आत.

यंत्रांत बिघाड नव्हता. छाती वर ओढून घेण्याचे आपले काम ती चोख बजावीत होती. परंतु या साथीतल्या बहुसंख्य रुग्णांच्या छातीबरोबरच घशाचे स्नायूही गेलेले होते, त्यांना आवंढा गिळता येत नव्हता, खोकता येत नव्हते, आणि त्यामुळे तोंडात सुटणारी लाळ व पोटातून उलटून आलेले अन्न घशात जसेच्या तसे साचून राही. अशा रुग्णाची छाती यंत्राने बाहेरून फुगविली, म्हणजे हवेबरोबर घशातला तो सगळा संचयही खाली फुप्फुसांत ओढला जाई. आणि रुग्णाला जगविण्यासाठी आणलेले साधनच त्याला त्याच्याच स्रावांत बुडवीत असे.

रुग्णालयाचे प्रमुख प्राध्यापक लासेन यांनी हताश होऊन ज्या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी पाचारण केले, त्या बियर्न इब्सेन यांनी बॉस्टनमध्ये भूलशास्त्राची तालीम घेतलेली होती, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज जे केले जाते ते पोलिओच्या रुग्णाच्या खाटेवर का करू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत रबरी नळी बसविण्यात आली. त्या नळीभोवती फुगवता येण्याजोगा एक फुगा होता, जो फुगल्यावर घशातल्या लाळेला खाली उतरण्यास मज्जाव होई. प्रथम काही केल्या हवा आत जाईना. मुलगी तडफडू लागली. इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध दिले, तिची झुंज थांबली, छाती सैल पडली, आणि हाताने दाबलेल्या पिशवीतली हवा फुप्फुसांत जाऊ लागली. ती मुलगी वाचली. पुढल्या महिन्यांत सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशेजारी बसून पिशव्या दाबीत राहिले, एके काळी तर सत्तर रुग्णांचा श्वास एकाच वेळी असा मानवी हातांवर चाललेला होता; आणि मृत्यूचे प्रमाण जवळजवळ नव्वद टक्क्यांवरून अखेरीस पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरले.

ही हकीकत बहुधा हवा आत ढकलण्याच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. तो विजय खराच. पण माझ्या मते त्याचे निम्मे श्रेय त्या फुग्याचे आणि गळ्यातल्या छिद्रातून वारंवार स्राव ओढून काढणाऱ्या हातांचे आहे. पिशवी दाबणाऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे जगभर गेली. नळी साफ करणाऱ्या परिचारिकांचे नाव मात्र दप्तरी लागले नाही, आणि सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही, व्हेंटिलेटर या शब्दाने ज्यांच्या डोळ्यांसमोर एक लुकलुकणारे यंत्र उभे राहते अशा आपणा सर्वांना त्यांच्या कामाची फारशी वार्ता नाही. म्हणून हा लेख.

नळी घातल्याने शरीराचे काय काय हिरावले जाते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. आपण नाकाने घेतलेली हवा कितीही थंड वा कोरडी असो, श्वासनलिकेच्या दुभाजकाच्या किंचित खाली पोहोचेपर्यंत ती ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिच्या प्रत्येक लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ तिच्यात मिसळते. वायुमार्गाच्या अस्तरावर श्लेष्म्याचा एक पातळ थर असतो, त्याखाली सूक्ष्म लोमांची दाट लव असते, आणि ही लव सेकंदाला दहा-बारा वेळा हलून धूळ, जंतू व मृत पेशी यांच्यासह तो थर अव्याहत वर घशाकडे सरकवीत नेते. तेथे आपण तो नकळत गिळून टाकतो. याउपर काही उरलेच तर खोकला आहे. आणि खोकला म्हणजे स्वरयंत्राचे दार घट्ट मिटून, छातीत दाब साठवून, मग ते दार एकाएकी उघडणे. तोंडातून श्वासनलिकेत गेलेली नळी नाकाला वगळते, स्वरयंत्राचे दार कायमचे उघडे धरून ठेवते, आणि तिचा फुगा लोमांच्या वाटेत आडवा येतो. भिंतीतून येणारा ऑक्सिजन तर मुळातच कोरडा असतो. तो ऊब आणि ओल न देता तसाच आत सोडला, तर लोमांची हालचाल मंदावते, श्लेष्मा चिकट होतो, आणि उन्हाळ्यात पाटाचे पाणी आटत गेले म्हणजे तळचा गाळ जसा कडेकडेने घट्ट धरू लागतो तसा तो नळीच्या भिंतीला धरू लागतो.

हा गाळ किती घातक ठरतो ते प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात प्रयोगाने शोधून काढलेल्या नियमावरून ध्यानी येईल. संथ वाहणाऱ्या प्रवाहाला नळीचा होणारा विरोध हा तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. प्रौढ पुरुषाला बहुधा आठ मिलिमीटर आतील व्यासाची नळी घालतात; तिच्या आतून चोहोबाजूंनी अवघा एक मिलिमीटर बेडका जमला, तर व्यास सहा मिलिमीटर उरतो आणि विरोध तिपटीहून अधिक वाढतो. प्रवाह खळबळता असेल तर त्याहूनही अधिक. यंत्र हा विरोध काही काळ निमूटपणे सोसते, दाब वाढवून तितकीच हवा पुढे रेटते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सारे आलबेल दिसत असताना नळी आतून बुजत जाते. मग केव्हातरी बेडक्याची एक गुठळी सुटून टोकाशी अडकते, आणि जे दिवसानुदिवस घडत होते त्याचा निकाल काही मिनिटांत लागतो.

म्हणून पहिली तजवीज ऊब आणि ओल यांची. यंत्राच्या नळ्यांमध्ये पाणी तापविणारे भांडे बसवितात, किंवा रुग्णाच्याच उच्छ्वासातली वाफ धरून ती पुढच्या श्वासाबरोबर त्याला परत देणारी एक लहानशी गाळणी जोडतात. २०२० आणि २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, जंतू हवेत फैलावू नयेत म्हणून अनेक ठिकाणी गाळण्यांवरच भर दिला गेला, नळीचे जोड शक्यतो उघडायचे नाहीत असा दंडक पडला, रुग्ण आठवडेच्या आठवडे यंत्रावर राहिले; आणि चिकट बेडक्याने नळ्या तुंबल्याचे प्रसंग देशोदेशींच्या डॉक्टरांनी नोंदविले. पाण्याच्या वाफेसारखी साधी गोष्ट कमी पडली तर काय होते, याची याहून कठोर रुजुवात क्वचितच झाली असेल.

दुसरी तजवीज म्हणजे सक्शन, नळीत साचलेला बेडका ओढून काढणे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, मोजक्या खाटांच्या अतिदक्षता विभागात, मी ते जवळून पाहिले. खाटेवर एक शेतमजूर होते, साठीच्या आसपासचे. पावसाळ्याच्या रात्री घरात जमिनीवर निजलेले असताना त्यांना मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, आवंढा गिळता येईनासा होतो, आणि मग श्वास. तिचे विष मज्जातंतूंची स्नायूंशी जोडलेली टोकेच उद्ध्वस्त करते. एकदा ते घडून गेल्यावर प्रतिविष त्यांना पूर्ववत करू शकत नाही, ती टोके नव्याने फुटेपर्यंत थांबावे लागते, आणि तोपर्यंतचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. कोपनहेगनच्या रुग्णांशी या रुग्णांचे साम्य विलक्षण आहे: फुप्फुसे निरोगी, मेंदू शाबूत, फक्त स्नायू गेलेले आणि लाळ घशात साचलेली. दोन-चार दिवस वा आठवडाभर नळी मोकळी राहिली, तर असा मनुष्य चालत घरी जातो. अशा रुग्णाचा मृत्यू नळी तुंबून व्हावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही, कारण तेथे रोगाने त्याला नेलेले नसते.

पाळीवर जी सिस्टर तैनात होती तिने प्रथम यंत्राच्या पडद्याकडे पाहिले. प्रवाहाची जी रेषा गुळगुळीत उतरावयास हवी तिला करवतीसारखे दाते आले होते. मग तिने गळ्याच्या खळगीवर स्टेथोस्कोप ठेवला, क्षणभर ऐकले, आणि रुग्णाच्या कानाशी वाकून नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आबा, नळी साफ करते हं आता. जोराचा ठसका लागेल, घाबरू नका, मी इथंच आहे.” आबांच्या पापण्या मिटलेल्या, हातापायाचे बोटसुद्धा हलत नव्हते; तरी ते सारे ऐकत होते, कारण मण्यारीचे विष शुद्धी हिरावत नाही. पापणी उघडत नाही आणि बाहुली प्रतिसाद देत नाही म्हणून अशा रुग्णाला बेशुद्ध, क्वचित मृतवत समजण्याची चूक घडते. आणि त्याच्या उशाशी उभे राहून लोक नाही नाही ते बोलतात. त्या सिस्टरने ती चूक केली नाही, ही गोष्ट मला तिच्या हातांच्या कौशल्याइतकीच मोलाची वाटली.

तिने यंत्रावरचा ऑक्सिजन काही क्षण शंभर टक्क्यांवर नेला. निर्जंतुक हातमोजा चढवून पांढऱ्या टोपणाचा कॅथेटर काढला. या नळ्यांच्या टोपणांचे रंग मापानुसार ठरलेले असतात, काळा दहा नंबरचा, पांढरा बाराचा, हिरवा चौदाचा. कॅथेटरने नळीचा निम्म्याहून अधिक व्यास अडवू नये असा नियम आहे. जाड कॅथेटर घातला तर बेडक्याबरोबर फुप्फुसातली हवाही खेचली जाते आणि त्यातल्या लहान कोठड्या मिटून बसतात. कॅथेटर आत जाताना तिने बाजूचे छिद्र उघडे ठेवले होते, म्हणजे ओढ बंद. नळीच्या लांबीइतका तो आत गेल्यावर अंगठ्याने छिद्र मिटले आणि बोटांत हलकेच फिरवीत तो बाहेर घेतला. पारदर्शक नळीतून पिवळसर, तार धरणारा बेडका सरकताना दिसला. आत जाण्यापासून बाहेर येण्यापर्यंत पंधरा सेकंदांच्या आत सारे उरकावे लागते. या वेळात तिची नजर कॅथेटरवर नव्हती. ती समोरच्या पडद्यावर, सॅच्युरेशन आणि नाडी यांवर खिळलेली होती, कारण श्वासनलिकेला आतून स्पर्श झाला की कधी कधी हृदयाची गती एकाएकी मंदावते. दाते गेले, रेषा गुळगुळीत झाली. बेडक्याचा रंग, दाटपणा आणि अंदाजे प्रमाण तिने कागदावर लिहिले. मग तोंडातली लाळ वेगळ्या नळीने काढली, फुग्याचा दाब मापकाने पाहिला. तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान असावा लागतो, त्याहून कमी असला तर घशातली लाळ कडेने झिरपते आणि जास्त असला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो.

पडद्यावरचे दाते पाहिल्यावाचून तिने कॅथेटरला हात लावला नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पूर्वी शिरस्ता निराळा होता. दर दोन तासांनी सक्शन, लागो वा न लागो, आणि त्याआधी बेडका पातळ करण्यासाठी नळीत थोडे सलाईन सोडणे, हे अनेक रुग्णालयांत हुकुमाप्रमाणे पाळले जाई, आणि काही ठिकाणी आजही पाळले जाते. परंतु सक्शन ही निरुपद्रवी क्रिया नव्हे. प्रत्येक वेळी ऑक्सिजन घटतो, अस्तराला ओरखडे पडतात. आणि सलाईनने घट्ट बेडका विरघळतो ही समजूतही प्रयोगांच्या कसोटीस उतरली नाही, उलट नळीच्या भिंतीवर जंतूंनी धरलेला थर त्याबरोबर खाली धुतला जाण्याचा धोका दिसला. अमेरिकेतील श्वसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली आणि पुन्हा २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांचा आशय असा, की सक्शन घड्याळ पाहून नव्हे, गरज पाहून करावे, सलाईन सरसकट सोडू नये, आणि कॅथेटर शक्यतो नळीच्या टोकापलीकडे खुपसू नये. ऐकायला ही सूट वाटते. वास्तविक जबाबदारी वाढली आहे. घड्याळाचा हुकूम पाळायला विवेक लागत नाही, गरज ओळखायला मात्र रुग्णापाशी कोणीतरी सतत असावे लागते, आणि त्या कोणाला ऐकण्याचे व पाहण्याचे शिक्षण मिळालेले असावे लागते.

येथे आपल्या कारभाराविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हे अतिदक्षता वैद्यकाचे सर्वमान्य प्रमाण आहे. आणि आपल्याकडे रात्रपाळीला एकाच सिस्टरच्या अंगावर असे अनेक रुग्ण असतात, ही कोणाही नातेवाइकाने पाहिलेली वस्तुस्थिती आहे. यंत्रे खरेदी होतात, त्यांचे उद्घाटन होते, त्यांची संख्या वर्तमानपत्रांत येते. परिचारिकांच्या रिक्त जागांची संख्या तितक्या ठळकपणे येत नाही. जेथे यंत्रही मिळाले नाही अशा सरकारी विभागांत रुग्णाचा मुलगा, भाऊ, मेहुणा आळीपाळीने अँब्यू बॅग दाबीत रात्र काढतो. ही पिशवी डेन्मार्कचीच देणगी. हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी १९५६ साली आपोआप फुगणारी ही पिशवी प्रचारात आणली. ती दाबणाऱ्या त्या भावाला कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच फार थोडे शिकवून बसविलेले असते, पण त्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी जी परिचारिका आणि भूलतज्ज्ञ यांची फळी होती ती त्याच्या पाठीशी नसते. पिशवी एकाएकी जड लागू लागली तर नळी तुंबली असेल, हाक मार, एवढे एक वाक्य त्याला कोणी सांगितले तरी काही जीव वाचतील.

कीटकनाशकांच्या विषबाधेत तर नळीची राखण सर्वांत कठीण. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना व मजुरांना झालेली विषबाधा महाराष्ट्र विसरलेला नाही. सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषे लाळ आणि फुप्फुसांतले स्राव अशा वेगाने वाढवितात, की रुग्णाच्या तोंडाला फेस येतो आणि छाती आतून भरून जाते. छाती कोरडी होईपर्यंत ॲट्रोपीन देत जावे लागते, आणि ते गरजेहून अधिक झाले तर तोच स्राव आटून चिकट होतो व नळीत धरून बसतो. पूर आणि गाळ यांच्यामधला हा तोल औषधाच्या मात्रेने निम्मा साधतो. उरलेला, खाटेशी उभ्या असलेल्या माणसाने दर थोड्या वेळाने छाती ऐकून साधायचा असतो. धनुर्वाताच्या रुग्णात अडचण आणखी वेगळी: कॅथेटरच्या नुसत्या स्पर्शानेही झटका उठू शकतो. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया यांनी या रोगाच्या अतिदक्षता उपचारांवर जे प्रदीर्घ काम केले, त्याचा अभ्यास करणाऱ्याला औषधांच्या जोडीनेच शुश्रूषेचा हा पैलू पदोपदी भेटतो.

आबांच्या सातव्या दिवशीच्या कागदावर बेडका पातळ, पांढरट आणि थोडा अशी नोंद होती. पापण्या उघडत होत्या, उशीवरून डोके उचलून ते काही सेकंद धरता येत होते, आणि कॅथेटर आत गेला की ठसका आता स्वतःच्या बळाने येत होता. यंत्राचा आधार उतरवीत नेला, फुग्याच्या वर साचलेली लाळ ओढून घेतली, फुगा सोडला, आणि डॉक्टरांनी नळी काढली. “आबा, जोरात खोका बघू,” सिस्टर म्हणाली. ते खोकले, बेडका तोंडात आला, तिने तो पुसून घेतला आणि पुन्हा खोकायला लावले. पाणी मागितले तेव्हा मात्र तिने दिले नाही. छातीला बळ आले तरी घशाचे स्नायू मागाहून सावरतात, म्हणून नाकातून पोटात गेलेली नळी आणखी काही काळ तशीच ठेवून त्यांना पेज त्यातूनच देण्यात आली, खाटेची उशाकडची बाजू तीस अंशांहून खाली करायची नाही अशी ताकीद मुलाला मिळाली, आणि आवंढा गिळून दाखविल्यावर मग चमच्याने पाणी पाजायचे, हे तिने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले.